जखम चार बोटांची, थकवा कित्येक महिन्यांचा

कोडोलीच्या बाजारपेठेतील एखादे जुने किराणा-भुसारचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. चाळीस वर्षे गादीवर बसलेले, बासष्टीचे अण्णा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून तीन आठवड्यांपूर्वी घरी परतले आहेत. दिवाळी तोंडावर आली आहे आणि लवकरच वारणाकाठी ऊसतोडीची गडबड सुरू होणार आहे. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. प्रत्येकाची नजर प्रथम पोटाकडे जाते. तेथे बोटाच्या पेराएवढ्या चार-पाच खुणा आणि बेंबीजवळ जेमतेम चार बोटे लांबीचा एक व्रण, एवढेच दिसते.

"दुर्बिणीचंच ऑपरेशन की हो, अण्णा! आमच्या मेव्हण्याचं पित्ताशय असंच काढलं, आठव्या दिवशी मोटारसायकल चालवत होता."

अण्णा हसून मान डोलावतात. पाहुणे उठून जातात आणि सकाळी दहाच्या सुमारास, नुकतेच स्नान आटोपलेले अण्णा पुन्हा अंथरुणावर आडवे होतात. सून दूध घेऊन येते तोवर त्यांना झोप लागलेली असते. दुपारी मुलगा दुकानातून जेवायला येतो आणि हळूच आईला विचारतो, "अजून झोपलेतच का? टाके तर कधीच सुकले." त्या प्रश्नात काळजी असते, पण थोडी अधीरताही असते. अण्णांच्या कानांवर तो पडतो आणि दुसऱ्या दिवशी ते हट्टाने दुकानात जाऊन बसतात.

असे अण्णा अनेक घरांत असतात. आजार मोठा असला की घर एकजुटीने उभे राहते, शस्त्रक्रियेच्या दिवशी निम्मी भावकी रुग्णालयाच्या आवारात जमते. अवघड काळ त्यानंतरचा असतो. जखम दिसेनाशी होते, सांगण्यासारखी वेदनाही उरत नाही, आणि तरीही माणसाच्या अंगात उठून बसण्याचे त्राण नसते. व्यापारी घरात जन्म गेलेल्या माणसाला या अवस्थेचे दुःख अधिकच होते, कारण दिवसाढवळ्या पडून राहण्याला तेथे एकच नाव ठाऊक असते, आळस.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयीचा हा गैरसमज कोठून आला, हे समजणे कठीण नाही. भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. त्यापूर्वी, १९७२ पासून, ते तेथेच निदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहत असत. पुढे ते तंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. त्यामुळे 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हटले की लोकांच्या मनात पित्ताशय किंवा अपेंडिक्स उभे राहते. दोन-तीन दिवस रुग्णालयात, पंधरवड्यात कामावर. हाच हिशेब नंतर आतड्याच्या शस्त्रक्रियेलाही लावला जातो, आणि तेथे तो चुकतो.

पित्ताशय काढताना एक लहानशी पिशवी सोडवून बाहेर घेतात. आतड्याच्या कर्करोगात रोगग्रस्त भागाबरोबर दोन्ही बाजूंचे काही निरोगी आतडे, त्याला रक्त पुरवणारा पडदा आणि त्या पडद्यातील रसग्रंथी, हे सारे एकत्र काढावे लागते. रोग किती पसरला आहे हे ठरवण्यासाठी किमान १२ रसग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत आहे. मग आतड्याची दोन टोके टाक्यांनी वा स्टेपलरने जोडली जातात. हे सर्व काम पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून, लांब दांड्यांच्या हत्यारांनी, पडद्यावर पाहत, दोन-तीन तास किंवा त्याहून अधिक काळ चालते. बाहेरची भिंत कमी कापली जाते, हे खरे. आतले काम मात्र तेवढेच असते.

याचा एक बोलका पुरावा आहे. आतड्याचा कर्करोग दुर्बिणीने काढणे सुरक्षित आहे का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ८७२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. रोग उलटण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या, हा त्यातील मोठा दिलासा. पण दुसरे आकडेही पाहण्यासारखे आहेत. उघड्या शस्त्रक्रियेतील छेद साधारण १८ सेंटिमीटरचा होता, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील ६ सेंटिमीटरचा. रुग्णालयातील मुक्काम मात्र सहा दिवसांवरून पाचवर आला, एवढेच. छेद एक-तृतीयांश झाला आणि विश्रांती वाचली एका दिवसाची! व्रण पाहून प्रकृतीचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

मुक्काम त्याहून कमी झाला तो दुसऱ्या एका कारणाने. कोपनहेगनचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतरच्या सवयीच तपासायला घेतल्या. रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी का ठेवायचे? पडून का ठेवायचे? वेदना नीट शमवली, लवकर खायला दिले आणि पहिल्याच दिवशी उठवून चालवले, तर आतड्याच्या शस्त्रक्रियेचे वयस्क रुग्णही फार लवकर घरी जाऊ शकतात, असे त्यांनी दाखवले. आज मोठ्या रुग्णालयांत दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका रुग्णाला व्हरांड्यात चालायला लावते, ती याच विचारसरणीची देणगी आहे. घरच्यांना तो निष्ठुरपणा वाटतो. तो निष्ठुरपणा नाही.

मग थकवा येतो कोठून? शरीराला शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रिया म्हणून कळत नाही. एखादा मोठा घाव बसला, एवढेच त्याला कळते. संकटकाळी स्रवणारी संप्रेरके वाढतात आणि जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिने स्नायूंतून ओढून घेतली जातात. त्यातच काही दिवस अंथरुणात गेले की मांड्या-पोटऱ्यांचे बळ पाहता पाहता ओसरते, आणि साठीच्या पुढच्या माणसाचे ते सावकाश परत येते. रात्रीची झोप तुटक असते. आतडे कमी झाल्यामुळे शौचाची वेळ आणि संख्या बदललेली असते. उजव्या बाजूचे आतडे काढले असेल तर काही काळ पातळ शौचाला होते. गुदाशयाजवळची शस्त्रक्रिया असेल तर वारंवार आणि तातडीने जावे लागते. रात्री तीनदा उठणारा माणूस सकाळी ताजातवाना कसा असेल?

आणखी एक कारण असते, आणि ते शस्त्रक्रियेच्या आधीपासूनचे असते. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठ महिनोन्महिने थेंब थेंब रक्त गाळत राहते. शौचातून रक्त डोळ्यांना दिसत नाही, माणूस मात्र फिका पडत जातो. जिना चढताना धाप लागते, त्याचे खापर वयावर फोडले जाते. अनेकांचे निदानच 'रक्त कमी का झाले' या शोधातून होते. शस्त्रक्रियेने गाठ जाते, पण रिकामे झालेले लोहाचे कोठार आपोआप भरत नाही. म्हणून 'अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू' असे म्हणून थांबू नये. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब १२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येते.

ब १२ ची गोष्ट शाकाहारी घरांनी विशेष लक्षात घ्यावी. हे जीवनसत्त्व धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीपाल्यात नाही. शाकाहारी ताटात ते मिळते दूध, दही, ताक, पनीर यांतून, आणि तेही बेताचे. त्याचे शोषण लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात होते, आणि उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत त्याच भागाचा काही तुकडा काढला जातो. मुळात जमा कमी, त्यात आवक घटली. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, न जाणारा थकवा ही त्याची लक्षणे असू शकतात. गोळी किंवा इंजेक्शन हा त्यावरचा सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

रुग्णालयातून मिळणारा आहाराचा छापील कागद जैन घरात आला की पहिली अडचण उभी राहते. त्यावर अंडी असतात, उकडलेला बटाटा असतो, गाजराचे सूप असते. घरातील स्त्रिया त्यातील निम्म्या ओळींवर काट मारतात आणि अण्णांच्या वाट्याला मऊ भात आणि वरणाचे पाणी उरते. पोट भरते, स्नायू भरत नाहीत. जखम भरण्याच्या काळात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. ही भर घट्ट मूगडाळ, पनीर, दही, दूध, सोयाबीनचे पीठ यांतून घालता येते, पण ठरवून घालावी लागते. बटाट्याच्या जागी कच्चे केळे, दुधी भोपळा, सालीशिवायचा दोडका चालतो. पहिले काही आठवडे अख्खी कडधान्ये, कच्च्या कोशिंबिरी, जाड भाकरी आणि कोल्हापुरी तिखट बाजूला ठेवावे. नंतर एकेक पदार्थ परत आणावा. दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे सोसते.

येथे सूर्यास्ताचा प्रश्न येतो. डिसेंबरात कोल्हापूर भागात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. सूर्योदयानंतर दोन घटिका थांबण्याचा नियम असेल तर जवळजवळ चौदा तास पोटात अन्न नाही, आणि चोविहार असेल तर पाणीही नाही. निरोगी शरीराला हे सहज पेलते. ज्याला दिवसातून सहा वेळा पातळ शौचाला होत आहे, किंवा ज्याच्या पोटावर तात्पुरती पिशवी बसवली आहे, त्याच्या शरीरातील पाणी आणि क्षार मात्र या चौदा तासांत धोकादायक रीतीने घटू शकतात. अनेक घरे यावर मार्ग काढतात. उकळून निववलेले पाणी सकाळपासून मोजून दिले जाते, शेवटचे खाणे साडेपाचच्या सुमारास प्रथिनयुक्त ठेवले जाते आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून दिवसात बसवल्या जातात. बहुतेक औषधांबाबत हे जमते. जेथे जमत नाही तेथे नियम काही महिने शिथिल करण्याविषयी मुनिश्री किंवा घरातील ज्येष्ठांशी आधीच बोलून घ्यावे. जिभेला कोरड पडलेली असताना, मध्यरात्री, एकट्या रुग्णाने तो निर्णय घेण्याची वेळ येऊ नये.

उपवासांचेही तसेच. अष्टमी-चतुर्दशी, पर्वातील एकासने, वर्षानुवर्षे चालत आलेले व्रत हे सारे मोडले की मनाला टोचणी लागते, आणि ती टोचणीही थकव्यात भर घालते. षोडशकारण भावनांत तप आणि त्याग या दोहोंना 'शक्तीनुसार' हे विशेषण लागलेले आहे, याची आठवण घरातल्या कोणी वडीलधाऱ्याने करून द्यावी. डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

अहिंसेशी निगडित असा एक नाजूक विषय क्वचितच उघडपणे बोलला जातो. कर्करोगाच्या अशा शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात कातडीखाली इंजेक्शने देतात, काही वेळा चार आठवड्यांपर्यंत. त्यांतील हेपॅरिन जातीची औषधे प्राणिजन्य, डुकराच्या आतड्यापासून बनवलेली असतात. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या तयार केलेले औषध उपलब्ध आहे, पण ते प्रत्येक रुग्णाला योग्य असेलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनना हा प्रश्न विचारावा. ते रागावत नाहीत. मात्र घरी आल्यावर कोणाकडून तरी ऐकून इंजेक्शन परस्पर बंद करणे, यासारखी घातक गोष्ट नाही. गुठळी फुप्फुसात गेली तर मिनिटांचा प्रश्न असतो.

आता पुन्हा अण्णांकडे. हट्टाने दुकानात गेलेल्या अण्णांना तो दिवस छान गेला. ओळखीची गिऱ्हाईके आली, दोन जुनी उधारी वसूल झाली, उत्साहाच्या भरात पंधरा किलोचा तेलाचा डबा त्यांनी स्वतः पुढे सरकवला. पुढचे तीन दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. बरे वाटलेल्या दिवशी सारी शक्ती उधळायची आणि मग दिवाळखोरीत पडून राहायचे, ही या काळातील सर्वांत सामान्य चूक आहे. डबा सरकवणे तर दुहेरी चूक. बाहेरचा व्रण चार बोटांचा असला तरी त्याखालचा पोटाचा थर पक्का होण्यास सहा आठवडे तरी लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू नये. नाहीतर त्याच जागी हर्निया उतरतो आणि पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते. साखरेच्या पोत्याकडे तर त्या काळात पाहूही नये.

अशा वेळी व्यापाऱ्याच्या हाडीमाशी खिळलेली एक सवय कामी येते. रोजमेळ. दुकानाचा लिहितात तसाच शरीराचाही लिहावा. रात्री झोप किती, शौचाला किती वेळा, काय खाल्ले, किती चाललो, त्यानंतर कसे वाटले. आठवडाभराच्या नोंदी समोर आल्या की कोणत्या वेळी शक्ती असते आणि कोणत्या गोष्टीने ती संपते, हे आपोआप दिसू लागते. बहुतेकांना सकाळ बरी जाते. मग स्नान, भेटीगाठी आणि चालणे तिन्ही सकाळीच उरकायचा मोह टाळावा. चालण्याची वाढ पावलापावलाने करावी. पहिला आठवडा घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग दर्शनापर्यंत. काल जेवढे चाललो त्याहून थोडेच अधिक, आणि वाईट दिवशीही थोडे तरी. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची पुरे. त्याहून लांबली तर रात्र जाते.

पूर्ण विश्रांतीने थकवा जातो ही समजूत घरोघरी इतकी पक्की आहे की चालण्याचा आग्रह धरणारी सून वाईट ठरते. २०२५ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने या सुनांची बाजू चांगलीच भक्कम केली आहे. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ८८९ रुग्ण तिच्यात होते. सर्वांची आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेली होती. निम्म्यांना आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या, निम्म्यांकडून मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तीन वर्षे नियमित व्यायाम करून घेतला. बहुतेकांसाठी तो भरभर चालण्याच्या स्वरूपाचाच होता. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्या गटातील ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ८३ टक्के. एखाद्या महागड्या औषधाने हा फरक पडला असता तर त्याची जाहिरात रस्तोरस्ती लागली असती.

ज्यांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घ्यावी लागते, त्यांचा थकवा लांबतो आणि त्याचे रूप बदलते. ऑक्झालिप्लाटिन हे औषध चालू असताना थंडीचा स्पर्श सहन होत नाही. हातापायांना झिणझिण्या येतात, थंड पाणी घशात टोचते. पहाटे मंदिराच्या गार फरशीवर अनवाणी उभे राहणे आणि थंड पाण्याने स्नान करणे या काळात टाळावे, उन्ह वर आल्यावर दर्शनाला जावे. केपसायटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. ही लक्षणे सोसून नेण्याची नसतात, पुढच्या फेरीपूर्वी डॉक्टरांना सांगायची असतात. औषधाची मात्रा बदलता येते.

थकवा सावकाश ओसरणारा असतो. अचानक बिघडलेली प्रकृती ही निराळी गोष्ट. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या, नाडी भरभर चालणे यांतील काहीही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसले, तर आतड्याचा जोड गळत असण्याची शक्यता असते. एकाच पोटरीला सूज किंवा एकाएकी धाप लागणे हेही तसेच. अशा वेळी 'सकाळी बघू' म्हणू नये. कोडोलीहून वाठारच्या फाट्यावरून महामार्गाला लागून कोल्हापूर गाठायला रात्री अडचण नसते. कोणाची गाडी, कोणत्या रुग्णालयात, कोणाचा दूरध्वनी, हे आधीच लिहून भिंतीवर लावलेले असावे.

आणि मन? महिनोन्महिने कशातच गोडी वाटत नसेल, वर्तमानपत्र उघडावेसे वाटत नसेल, नातवंडाच्या हाकेनेही चेहरा हलत नसेल, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. कर्करोग परत येईल की काय ही धास्ती दर तपासणीच्या आधी आठवडाभर घर करून बसते. ती बोलून दाखवायला व्यापारी पुरुष फार कचरतात. पत्नीला ती न बोलताच कळलेली असते.

दुकानात परतण्याचा मुहूर्त पंचांगात शोधण्याऐवजी रोजमेळात शोधावा. अर्धा तास सलग चालून आल्यावर दुपार नीट जात असेल, तर सकाळचे दोन तास गादीवर बसायला हरकत नाही. पाठीला लोड, शौचालय जवळ, आणि उचलण्याची कामे दुसऱ्याकडे. पंधरा दिवसांनी आणखी एक तास. मुलाने एवढेच पाहायचे की, 'अण्णा, घरी चला' असे म्हणण्यासाठी त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसण्याची वाट पाहायची नाही. ठरलेली वेळ झाली की स्कूटर दारात उभी करायची.

आणि त्या मुलाचे स्वतःचे एक काम राहते. आतड्याचा कर्करोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो झाला असेल तर इतरांनी चाळिशीपासून, किंवा निदानाच्या वेळी रुग्णाचे जे वय होते त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांतील जे लवकर असेल तेव्हापासून आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. अण्णांचे निदान बासष्टाव्या वर्षी झाले. थोरला मुलगा येत्या श्रावणात एकेचाळीस पूर्ण करील. दुकानाची गडबड आहे, दिवाळीनंतर पाहू, असे तो म्हणत आहे. तपासणीला एक दिवस लागतो, आणि त्या दिवशी गल्ल्यावर दोन तास बसण्याइतके अण्णा आता सावरले आहेत.